तीन वाजताचा अल्बम

हे माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलंय. ऐकीव नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी गोष्ट म्हणून वाचा, माझी काही तक्रार नाही. पण तारीख, वार, वेळ मला आजही पाठ आहे.

गुरुवार, २२ नोव्हेंबर २००७. भिवंडीत कल्याण नाक्याजवळचा एक सायबर कॅफे. वेळ तीनची.

रात्रीचे नाही, दुपारचे तीन. बाहेर कडक ऊन होतं. मागच्या गल्लीत कापडाचे लूम खडखडत होते. अंधार नाही, अमावस्या नाही.

आणि तरीही...

थांबा. आधी मृणालीबद्दल सांगतो. नाहीतर काहीच कळणार नाही.

मी विपुल. आमचं घर कोनला, हमरस्त्यापासून थोडं आत, खाडीच्या अंगाला. वडप्याला एका गोडाऊनवर मी सुपरवायझर होतो. मृणाली माझी बायको. माहेर दिघाशीचं. घरात आम्ही दोघं, माझी आई आणि कॉलेजला जाणारी बहीण क्षितिजा.

कॉम्प्युटर क्षितिजासाठी घेतला होता. नाद लागला मृणालीला. गाण्यांचं वेड तिला आधीपासूनच होतं, पण नेट जोडल्यावर तिला ऑनलाईन रेडिओ सापडला आणि तिचं जगच मोठं झालं.

संध्याकाळी मी दारात चपला काढत असायचो, तेवढ्यात सुरू व्हायची.

"अहो, आफ्रिकेच्या बाजूला एक बेट आहे. तिथल्या कोळणींचा अल्बम आलाय. जाळं ओढताना गातात. शब्द एक कळत नाही, पण ठेका आपल्यासारखाच! ऐकता?"

"उद्या ऐकतो."

"एका बाईला मी लिहिलं होतं, फिनलंडला, तिचा पहिलाच अल्बम. तिचं उत्तर आलं! मला! कोनमध्ये!"

"बरं झालं. पाणी दे."

मी वाईट नवरा नव्हतो. कधी आवाज चढवला नाही. पण गाणी हा माझा प्रांतच नव्हता. दिवसभर हमालांची आणि ट्रकवाल्यांची आरडाओरड ऐकून कान किटायचे. घरी आलं की शांतता हवी असायची.

तिचं सगळ्यात आवडतं स्टेशन एका म्हाताऱ्या मराठी माणसाचं होतं. सावळारामकाका. अलिबागकडचे, पण तीस वर्षं बाहरीनला. निवृत्त झाल्यावर घरातूनच एक छोटा रेडिओ चालवायचे. आपल्याकडे दुपारचे तीन वाजले की ते एक नवा अल्बम लावायचे. पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता. ऐकणारे जेमतेम दहा-बारा. बाजूला एक चौकट होती, त्यात सगळे एकमेकांना लिहायचे. मृणालीचं तिथलं नाव होतं 'मृणाली कोन'.

"रविवारी तरी बसा ना माझ्याबरोबर," ती म्हणायची. "चाळीस मिनिटं फक्त. गाणं सुटं ऐकू नये. अल्बम ओळीनं ऐकायचा असतो, तेव्हा तो उलगडतो."

एका रविवारी बसलो. दुसऱ्याच गाण्याला गोडाऊनवरून फोन आला. मी बोलत बाहेर गेलो तो गेलोच. परत आलो तेव्हा ती कॉम्प्युटर बंद करून भाजी निवडत होती.

त्यानंतर तिनं परत विचारलं नाही.

ऑक्टोबरात तिला ताप आला. साधा ताप म्हणून दाखवायला नेलं. डेंग्यू निघाला. चौथ्या दिवशी, दुपारी, हॉस्पिटलच्या खाटेवर तिनं डोळे उघडले.

"किती वाजले?"

"तीन वाजून गेले."

"आज काय लावलं असेल हो काकांनी?"

"आता बोलू नको. बरी झालीस की विचार."

हे आमचं शेवटचं बोलणं.

११ ऑक्टोबर. दुसऱ्या दिवशी घट बसायचे होते. ती सव्वीस वर्षांची होती.

तेरावं झाल्यावर मी नेट बंद करून टाकलं. कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून माळ्यावर चढवला. त्या खोलीत फक्त रिकामं टेबल आणि खुर्ची राहिली. फेकावंसं वाटलं नाही. तिकडे बघवतही नव्हतं.

दिवाळी आमच्याकडे झालीच नाही.

दिवाळीनंतर एक दिवस मी जेवत असताना आई म्हणाली, "विपुल, दुपारी खोलीत गाना लागतं रं."

"शेजारी लावत असतील."

"न्हाय. आपल्या घरात. तीन वाजलं का लागतं."

"आई, त्या खोलीत काही नाहीये आता."

"मना काय म्हाईत न्हाय? मी काय येडी हाय?"

आई रडायला लागली. मला वाटलं, दुःखानं तिला भास होतायत. मृणालीवर तिचा फार जीव होता.

दोन दिवसांनी मला जुलाब लागले म्हणून मी अर्ध्या ड्युटीवरून घरी आलो. आई दारापुढच्या ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. मला बघून तिनं नुसतं आत बोट दाखवलं.

त्या आठवड्यात लाईट दोन ते पाच जायची. पंखे बंद. टीव्ही बंद. गल्लीत एकही आवाज नाही. कावळासुद्धा नाही.

मी आत पाऊल टाकलं आणि...

खरंच ऐकू आलं.

अगदी बारीक. भिंतीपलीकडून यावं तसं. बाईचा आवाज. शब्द कळत नव्हते.

मी खोलीचं दार ढकललं.

आवाज थांबला.

आत कोणी नव्हतं. टेबलावर महिन्याभराची धूळ. गोडाऊनची धूळ अंगावर घेऊन जगणारा माणूस मी, मला धुळीतलं कळतं. सगळं टेबल सारखं मळलेलं होतं. फक्त पुढच्या कडेला...

दोन जागा स्वच्छ होत्या.

टाईप करताना माणूस मनगटं टेकवतो ना, तिथे.

मी दार ओढून घेतलं.

मृणालीचा मोबाईल मी तेव्हा खिशात बाळगत असे. रोज चार्ज करायचो. का, ते विचारू नका. २१ नोव्हेंबरला, बुधवारी संध्याकाळी, मी गेटवर गाड्यांची नोंद करत असताना तो वाजला. नंबर परदेशातला.

"मृणाली आहे का? मी सावळाराम बोलतोय, बाहरीनहून. तिनंच नंबर देऊन ठेवला होता."

"तिचा फोन माझ्याकडे असतो," मी म्हणालो.

"तुम्ही तिचे मिस्टर का? हे बघा, गैरसमज करून घेऊ नका. मला पोरीची काळजी वाटली म्हणून फोन केला. ती बरी आहे ना?"

"का? काय झालं?"

"पूर्वी किती बोलायची! हा अल्बम कुठे मिळाला, ही बाई कोण, हे वाद्य कुठलं. हल्ली येते, पण रोज एकच ओळ लिहिते. बाकी काही विचारलं तर उत्तर देत नाही."

"हल्ली म्हणजे?"

"महिना झाला असेल. आज दुपारीसुद्धा आली होती."

मी हातातली नोंदवही मिटली.

"काय लिहिते?"

"लिहिते, 'ते आले का?'"

मागून एक ट्रक हॉर्न मारत होता. मला तो लांबून ऐकू येत होता.

"काका," मी म्हणालो, "मृणालीला जाऊन एक्केचाळीस दिवस झाले."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"असं नका बोलू हो... मला इथे दिसतं, कोण कुठून ऐकतंय ते. तिच्या नावापुढे रोज भिवंडी येतं."

रात्री मी क्षितिजाला विचारलं. वहिनीचा पासवर्ड तुला माहीत होता का? तू कॉलेजमधून...

"दादा, मी वहिनीचं नाव वापरीन?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि कल्याण नाक्यावर गेलो. सायबर कॅफेवाल्यानं कोपऱ्यातला कॉम्प्युटर दिला.

"हेडफोन चाहिए क्या, भाई?"

"दे दो."

काकांनी फोनवर सांगितलं होतं तसं त्यांचं स्टेशन उघडलं. चौकटीत माझं नाव टाकलं. विपुल. तीनला दोन मिनिटं कमी होती. ऐकणाऱ्यांच्या यादीत नऊ जण होते. तिचं नाव नव्हतं.

तीन वाजले. काकांचा थकलेला आवाज आला. आज बोलणार नाही म्हणाले, सरळ अल्बम लावतो. कुठलंसं तारांचं वाद्य वाजू लागलं. माझं लक्ष यादीवर होतं.

तीन वाजून पाच. काही नाही.

तीन वाजून दहा. काही नाही.

मला बरंही वाटलं आणि रडूही आलं.

आणि मग...

यादीत दहावं नाव आलं. मृणाली कोन.

चौकटीत एक ओळ उमटली. "ते आले का?"

काकांनी लगेच लिहिलं. "आले गं पोरी. बघ, इथेच आहेत."

एकेक अक्षर शोधून मी लिहिलं. "मृणाली, मी विपुल."

मग...

"नाही. ते या वेळी वडप्याला असतात."

"मीच आहे. सुट्टी टाकून आलोय. तुझ्यासाठी आलोय."

"त्यांना गाणी आवडत नाहीत."

बाजूला एक पोरगा कसलातरी गेम खेळत होता. लूमचा खडखडाट चालूच होता. आणि मी भर दुपारी, माणसांत बसून, हुंदके देत होतो.

"मी ऐकतोय गं. खरंच ऐकतोय."

"मग सांगा, आत्ता काय वाजतंय?"

इतका वेळ मी फक्त स्क्रीनकडे बघत होतो. कानात काय चाललंय इकडे माझं लक्षच नव्हतं. मी हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबला. डोळे मिटले.

एक बाई गात होती. साथीला काहीच नाही, नुसता गळा. हळू, जरा दबकत, कोणी ऐकेल की काय अशा बेतानं. शब्द ओळखीचे नव्हते.

मी ऐकलं. देवाशपथ सांगतो, त्या वेळी मी मनापासून ऐकलं.

मग लिहिलं, "कोणीतरी बाई गातेय. कोण आहे ते मला माहीत नाही."

आवाज थांबला.

चौकटीत काहीच उमटलं नाही. एक मिनिट. दोन मिनिटं. मी लिहीत राहिलो. मृणाली. मृणाली, बोल ना.

यादी बघितली. नऊ नावं होती.

मी बाहेर येऊन काकांना फोन लावला.

"ती गेली, काका. बाई कोण गातेय ते मला सांगता आलं नाही. कोणाचा अल्बम होता तो?"

"बाई?" काका म्हणाले. "आजच्या अल्बममध्ये गाणंच नाही. नुसतं वाद्य आहे. आणि तेही तिचं नाव दिसल्यावर मी बंद केलं होतं. त्यानंतर इथून काहीच वाजत नव्हतं, बाळा."

घरी कसा आलो आठवत नाही. आई ओट्यावरच बसली होती.

"आई, मृणाली गायची का गं?"

"गायची न! भांडी घासताना, कपडे वाळत टाकताना. त्या परक्या मुलखातली गानी शब्दानिशी पाठ केली हुती पोरीनं. ग्वाड गळा हुता."

"मग मी कसं कधी ऐकलं नाही?"

आई सुपातले खडे वेचू लागली.

"तुझी गाडी वाजली का गप बसायची. म्हणायची, ते दमून येतात. त्यांना आवाज नको."

त्या दिवसानंतर ती काकांच्या रेडिओवर परत आली नाही. मी नेट पुन्हा जोडलं, कॉम्प्युटर खाली काढला. मिळेल त्या दुपारी तीन वाजता बसायचो. अल्बम ओळीनं ऐकायचो, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दीड वर्षानं काकांची तब्येत बिघडली आणि स्टेशन बंद पडलं. ते वारल्याचं मला खूप उशिरा कळलं.

आईलाही नंतर काही ऐकू आलं नाही.

ते कोण लिहीत होतं, कुठून लिहीत होतं, मला सांगता येणार नाही. लोकांनी नाना तर्क सांगितले. शांती करून घ्या म्हणाले, तीही केली.

पण एक भीती जात नाही. एक्केचाळीस दिवस ती वाट बघत होती. शेवटी मी गेलो. ती माझ्यासाठी गायली. आणि मी लिहिलं, ही बाई कोण ते मला माहीत नाही.

ती कुठे गेली असेल, काय समजून गेली असेल... मला माहीत नाही.