दुपारी निवळणारे डोळे

पहिल्या दिवशी मी त्याच्याशी बोललेच नाही, त्याच्या कोटाशी बोलले. मामाच्या रफूच्या दुकानात सकाळी मी आत शिरले, दाराची घंटी वाजली, खुंटीपाशी काहीतरी उंच, काळं दिसलं आणि मी आपली म्हणते, "बसा ना, उभे का?"

"तो नाही बसायचा," बाजूच्या बाकावरून आवाज आला. "मी मात्र केव्हाचा बसलोय."

मागच्या खोलीत मामा खो खो हसला. मीही हसले, आवाजाच्या दिशेनं तोंड करून.

तो वेल्डर होता. ठिणग्या उडून कपड्यांना भोकं पडायची, त्यामुळे आमच्याकडे यायला त्याला कारणाची कमी नव्हती. कोट न्यायला आला तो दुपारी, तेव्हा मी त्याला नीट पाहिलं. एक भुवई अर्धी जळलेली. हसू ओठांवर यायला जरा वेळ लावणारं. आवडला मला. उगाच आढेवेढे कशाला घेऊ, लगेच आवडला.

तिसऱ्या खेपेला त्यानं स्वेटर आणला. मी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"हे ठिणगीचं नाही."

"मग... कशाचं?"

"ठिणगीनं लोकर जळते, कड कडक होते. ही मऊ आहे. कात्री कुणाची?"

त्याचे कान लाल झाले. "बहिणीची."

"तिला म्हणावं, धार लावून घे. फार वाईट कापलंय."

असं सगळं छान चाललं होतं – पण दुपारी. सकाळी कामावर जाताना तो समोरच्या फुटपाथवरून हात करायचा म्हणे, आणि मी सरळ पुढे निघून जायचे. एकदा, दोनदा, रोजच. शेवटी एका दुपारी तो रिकाम्या हातानं आला.

"सकाळी ओळख दाखवत नाहीस. दुपारी हसतेस. मी येऊ की नको, एवढंच सांग."

मामा उगाचच दोऱ्याचं रीळ गुंडाळत बसला. मग मी सांगितलं. बुबुळावर काचेसारखा एक पडदा असतो, त्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एक थर. डोळ्यातलं पाणी त्या पडद्यात सारखं शिरत असतं आणि त्या पेशी ते सारखं बाहेर उपसत असतात. माझ्या पेशी मरत चालल्यात. नव्या येत नाहीत. रात्री पापण्या मिटल्या की पाणी साचतं, पडदा फुगतो, आणि सकाळी माझ्यासमोर नुसतं धुकं. डोळे उघडे राहिले की हवेनं ते पाणी उडत जातं. शिवाय मिठाचे थेंब घालते. मीठ जिथे जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं, म्हणून तेही थोडं उपसतात. झोंबतात मात्र असे की विचारू नकोस.

"म्हणजे त्या दिवशी कोट..."

"तो तुझ्यापेक्षा देखणा वाटला मला."

तो हसला नाही. दुसऱ्या सकाळपासून तो हात करायचं सोडून हाक मारायला लागला.

पुढच्या काही महिन्यांत धुकं लांबत गेलं. आधी दहापर्यंत असायचं, मग बारापर्यंत, मग पार तीनपर्यंत. सकाळचं बारीक काम मामा न बोलता स्वतःकडे ओढून घ्यायला लागला. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्याचा पडदा बसवता येईल, पण नंबर लागायला हवा. तोवर एक दिवस असा येईल की निवळणारच नाही.

अशाच एका सकाळी तो माझ्याबरोबर दुकानापर्यंत चालत आला आणि दारात थांबून म्हणाला, "माझ्याशी लग्न करशील?"

समोर नुसता एक करडा डाग होता.

"चार वाजता ये," मी म्हटलं. "आणि हेच परत म्हण. तेव्हा मला चेहरा दिसतो. त्यावर कीव असेल तर माझं उत्तर नाही."

माझ्या आईलाही हाच आजार होता. बाबांनी जन्मभर तिचा हात धरून तिला फिरवलं, कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. पण त्यांच्या चेहऱ्यावर कायम कीव असायची. आईला दिसायची नाही ती. मला दिसायची.

त्या दिवशी नेमकं आभाळ भरून आलं. हवा दमट, ओल काही उडेना. मी तीनदा थेंब घातले. केस वाळवायचं यंत्र हातभर लांब धरून डोळ्यांवर वारा घेत राहिले. मामा म्हणाला, "पुरे गं बाई, भाजून घेशील." चार वाजले. घंटी वाजली. तोच करडा डाग.

"म्हणू?"

"दिसत नाहीये मला," मी म्हटलं. "उद्या ये."

"उद्या दिसेल?"

ते मला माहीत नव्हतं. कदाचित डॉक्टरांनी सांगितलेला दिवस हाच असेल. मला रडू फुटलं, आणि होतं नव्हतं तेही पाण्यात गेलं.

त्यानं माझा हात उचलून स्वतःच्या गालावर ठेवला. "मग असं बघ," म्हणाला.

मी बोटं फिरवली. कपाळ घामानं थबथबलेलं. जबडा थरथरत होता. त्यानं आवंढा गिळला तो माझ्या बोटांना कळला.

"तू घाबरलायस."

"हो."

"आंधळी बायको गळ्यात पडेल म्हणून?"

"नाही गं. तू नाही म्हणशील म्हणून..."

बाबा आईसमोर असे कधी घाबरले नव्हते. कीव करणाऱ्याला कसली आलीय भीती? त्याला नकार मिळालाच तर तो सुटकेचा श्वास टाकतो.

"परत म्हण," मी म्हटलं.

त्यानं म्हटलं. आवाज मध्येच फाटला. मी हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशीही निवळलं नाही, तिसऱ्याही नाही. त्याचा चेहरा मला पुन्हा कधी दिसेल, कोण जाणे. पण होकार मी त्याच दुपारी दिला होता, हात त्याच्या गालावर असतानाच.