बुधरीबाईचं गाणं कोणी नेलं?

"साईटवरून गाणी उतरवणारे सगळे डाउनलोडर आजच बंद करते मी!" गडचिरोलीतल्या आपल्या ऑफिसात संघप्रियाने टेबलावर फोन आपटला. "रंजीताताई, तुम्ही फक्त चोराचं नाव सांगा."

खाजगी गुप्तहेर रंजीता गेडामने फोन उचलला. तिचा सहकारी धनराज वाकून पाहू लागला. रिसॉर्टमधला व्हिडिओ. पर्यटक हसत नाचत होते आणि ढोलाच्या ठेक्यावर वाजत होतं बुधरीबाईचं गाणं. एटापल्लीकडच्या त्या बाईनं पोटचा पोरगा गेला तेव्हा गायलेलं! गाणं दोनदा वाजलं. दोन्ही वेळा शेवटच्या ओळीवर मूल रडलं. एखाद्या पर्यटकाचं असेल, असं धनराजला वाटलं. संतापानं त्याचं डोकं भणभणत होतं.

संघप्रियाच्या वेबसाइटवर अशी शेकडो गोंडी गाणी होती. आपोआप उतरवणारं टूल लावून कुणीतरी सगळीच नेली होती.

"मीच नेली," डाउनलोडच्या नोंदीत नाव दिसलं म्हणून बोलावून घेतलेले झिंगू मास्तर म्हणाले. "आमच्या गावात नेटवर्क नाई. इथी उतरवतो, मेमरी कार्डात नेतो. लेकरं ऐकतात. टूल बंद केलं तं आमचीच गाणी आमाले भेटणार नाईत."

"आन् रिसॉर्टले काऊन देल्ली?" धनराज खेकसला.

"नाई देल्ली, भाऊ."

मग साईटसाठी गाण्यांचं रेकॉर्डिंग करणारा खुशाल आला. "टूल बंद करा, मी कवाचा सांगून राह्यलो. किती मेहनत घेतो मी! त्या गाण्यात बुधरीबाईचा नातू रडला होता. ते रडणं काढूनच साईटवर चढवलं."

"मूळ रेकॉर्डिंग कोणाजवळ असते?" रंजीताने विचारलं.

"माझ्याच जवळ. दुसऱ्या कोणाले देत नाई."

रंजीताने साईटवरचं गाणं लावलं. शेवटची ओळ आली, गेली. रडणं नव्हतं. मग व्हिडिओ लावला.

"पर्यटकाचं मूल दोन्ही वेळा एकाच शब्दावर कसं रडन? हे रडणं गाण्यातलंच हाय. मास्तरनं उतरवलेल्या गाण्यात ते असूच शकत नाई. म्हणजे रिसॉर्टले मूळ रेकॉर्डिंग गेलं. ते फक्त तुझ्याजवळ होतं, खुशाल. टूल बंद झालं असतं, तं आळ मास्तरवरच राह्यला असता."

खुशालचा चेहरा पडला. "रिसॉर्टचा मॅनेजर ओळखीचा हाय... एक गाणंच तं होतं."

"एक गाणं?" संघप्रिया ताडकन उठली. "तिच्या पोराचं मरण होतं ते! मास्तर, टूल चालूच राहील, गाणी न्या. आन् तू गाडीत बैस. तिचं गाणं कुठी वाजलं, ते बुधरीबाईले तुझ्या तोंडानं सांग."

खुशाल खुर्ची सोडेना. धनराजने त्याला दंडाला धरून उभं केलं.