मला मुलगी नाही

उम्मीची, म्हणजे माझ्या आईची, गोळी खरं तर सकाळची. विसराळूपणावरची गोळी ती. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, न्याहारीनंतर एक, रात्री मुळीच नाही. पण रमजान लागला आणि म्हातारीने तोंड मिटलं ते मिटलंच. पोटची पोर आठवत नाही, रोजा मात्र बरोबर आठवतो!

"अगं, आजाऱ्याला सूट असते," मी म्हटलं.

"तुम्ही कुणाच्या कोण, बाई? माझा रोजा मोडायला आलात?"

तिच्यापुढे कुणाची टाप! मग मी आपली गोळी सूर्यास्तानंतर, खजूर आणि शोरब्याबरोबर द्यायला लागले. आमच्या महदिया गावात त्या महिन्यात सगळ्याच घरांतली औषधं अशी सरकतात, त्यात विशेष काही वाटलं नाही.

आणि काय सांगू, थोड्याच दिवसांत नवल घडलं. दुपारी मी अंगणात कोथिंबीर निवडत होते, तर मागून आवाज आला, "नझीहा, देठं किती जाड ठेवलीस गं!"

किती काळाने तिच्या तोंडून माझं नाव! मी तिच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले.

"वेडी का खुळी तू? नाक पूस आधी," ती म्हणाली.

त्या दुपारी मी फार सुखात होते. पण संध्याकाळी बांग झाली, ताटं वाढली, गोळी दिली. जेवण होतंय न होतंय तोच उम्मी गादीवर थोडी सरकून बसली, शेजारी जागा करून. अंगणाखालच्या पाण्याच्या टाकीतून येतो तसा ओलसर, कोंदट वास खोलीत पसरला. माझ्याकडे बोट दाखवून ती हवेला म्हणाली, "ही? ही शेजारीण. स्वयंपाकाला येते."

पहिल्या दिवशी मी हसले. रोजच तसं व्हायला लागलं तेव्हा मात्र डोकं फिरलं माझं. "उम्मी, दुपारी तर माझं नाव घेत होतीस!"

पाहुण्यांशी बोलायच्या तिच्या खास गोड आवाजात ती म्हणाली, "मला मुलगी नाही हो. झालीच नाही." आणि चादरीखालून तिने माझ्या हाताला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

सकाळी मला जवळ ओढून ती कुजबुजली, "काल ओरडलीस कशाला? तो रोज विचारतो... तुझी लेक कोणती. मी सांगत नाही."

"कोण तो, उम्मी?"

"मला काय ठाऊक! बोलायला सभ्य आहे... पण नाव कळलं की घेऊन जाईल, पोरी."

तशीच तिला घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"फार हळू चाललीय. जेवतात का?"

"दोन घास. आणि कुणीतरी दिसतं तिला."

"ही गोळी रात्री पोटात गेली की काहींना स्वप्नं पडतात, भास होतात. त्याचं एवढं नाही. पण नाडी अशी असताना गोळी चालू ठेवता येणार नाही."

"मग... ती मला परत विसरेल?"

त्यांनी औषधाच्या चिठ्ठीवर काट मारली. मग म्हणाल्या, "बहुतेक."

जीव आधी, नाव मागाहून, असं मनाला बजावत मी घरी आले. गोळी बंद केली. नाडी सुधारली, ती पोटभर जेवायला लागली आणि संध्याकाळी गादीवर पाय पसरून एकटीच बसायला लागली. ईद होऊन गेली. हळूहळू मी पुन्हा 'बाई' झाले, एखाद्या क्षणी ओळख पटली तर पटली. रडले मी, खोटं कशाला बोलू? पण घर शांत होतं. औषधाचा खेळ होता, संपला, असं मी शेजारपाजारी सांगूनही टाकलं.

परवाची गोष्ट. भर दुपार, लख्ख ऊन. मी गच्चीवरचे कपडे घेऊन खाली आले, तर उम्मी गादीवर बसून कुणाशी तरी हसत बोलत होती. पाहुण्यांशी बोलायचा तोच आवाज. मला पाहून तिचा चेहरा उजळला. कसली भीती नाही, लपवाछपवी नाही. का लपवायचं, तेच बिचारी विसरली होती.

"ती होय?" ती कौतुकाने म्हणाली. "माझीच लेक. नझीहा."

तिच्या शेजारी गादी खोल दबलेली होती. मी बघत असतानाच, कुणीतरी उठावं तशी, ती गादी हळूहळू वर आली.