तांदळात लिहिलेलं नाव

“अहो, टेकू नका… रंग ओला—”

अरविंदचं वाक्य पुरं होईपर्यंत उशीर झाला होता. गिरजाच्या कोपरावर निळा डाग उमटला होता आणि देशमुखांच्या पाटीवरचा ‘ख’ पार फिसकटला होता.

“देशमुखांना आता काय सांगू?” तो म्हणाला.

“सांगा, त्यांचा ख माझ्याबरोबर माझ्या गावी, तळवलीला गेला,” ती म्हणाली आणि शांतपणे कोपर पुढे केलं. “पुसायला काही आहे की असाच नेऊ?”

त्याने टर्पेंटाइनचा बोळा दिला. देताना बोटाला बोट लागलं… एवढंसंच.

वर्ष होतं १९८४. वाशीत इमारतींमागून इमारती उभ्या राहत होत्या आणि प्रत्येक नव्या दाराला एक पाटी लागायचीच. जिन्याखालच्या अरुंद जागेत बसून अरविंद त्या रंगवायचा. गिरजा तिथल्याच एका बालवाडीत शिकवायची. मुलांच्या दप्तरांसाठी भिंतीवर बावीस खुंट्या ठोकल्या होत्या आणि प्रत्येक खुंटीवर तिला एकेक नाव हवं होतं.

अरविंदने यादी वाचली. “मरियम, मेरी, मारिया… एकच पोरगी तीनदा आली का?”

“तीन पोरी आहेत. एक मलबारची, एक मद्रासकडची, एक गोव्याची. मूळ नाव एकच, फार जुनं. प्रत्येक मुलखाने आपापल्या जिभेवर घोळवून घेतलं, इतकंच.”

“आणि ही जसोदा? यशोदा करतो.”

“करू नका. कच्छी आहे ती. तिची आई जसोदा अशीच हाक मारते. आपण का बदलायचं?”

त्याने मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. सावळा चेहरा, घट्ट वेणी, आणि नजर… समोरच्याने उत्तर देईपर्यंत न हलणारी.

“तुमचं नाव?”

“गिरजा.”

“म्हणजे गिरिजा.”

“गिरजा,” ती म्हणाली. “कानडी मुलखात गिरिजम्मा म्हणतील, पुस्तकात गिरिजा लिहितील. सगळ्याचा अर्थ एकच, डोंगराची लेक. आमच्या घरामागे पारसिकचा डोंगर आहे, तो बघून आजीने ठेवलं. पण मला हाक मारायची असेल तर गिरजा.”

“लक्षात ठेवतो,” अरविंद म्हणाला. पुढे काय होणार आहे, हे त्या बिचाऱ्याला कुठे ठाऊक होतं?

पाट्या लावायला तो स्वतः गेला. बावीस पाट्यांना तासभर पुरला असता, त्याने तीन शनिवार लावले. मग पाट्या संपल्या, तरी शनिवार चालूच राहिले. येताना तो एखादं नाव घेऊन यायचा, कुठल्या तरी दारावर रंगवलेलं.

“आज मार्गारेट. दवाखान्यातल्या सिस्टर.”

“मोती. आपली मुक्ता असते ना, तिची लांबची बहीण.”

“सुसान?”

“कमळासारखं एक फूल. बघा, फुलांची नावं ठेवायची हौस सगळ्या जगाला आहे.”

“हे सगळं तुम्हाला कोण सांगतं?”

“आया सांगतात. पोरांना प्रवेश देताना मी विचारते, हे नाव कुठून आलं बाई? कुणी विचारलेलंच नसतं त्यांना कधी. मग बोलत बसतात.” ती वही मिटायची आणि हसू दाबायची. “तुम्हा पाटीवाल्यांना इतके प्रश्न पडतात होय?”

एका शनिवारी तो आला आणि दारातच उभा राहिला.

“आज कुणाचं नाव?”

“आज…” त्याने चप्पल उगाच पायरीवर घासली. “आज तुमचंच. सारखं तेच येतंय तोंडात.”

गिरजाने खडूचा डबा बंद केला, पुन्हा उघडला. “घरी येऊन सांगा,” ती म्हणाली. “बाबांना बाहेरून कळलेलं आवडत नाही.”

तिचे बाबा देवजी मिठागरावर राबलेले. त्यांनी पोराला दोन तास बसवून ठेवलं, नुसतं पाहिलं आणि शेवटी मच्छीभात वाढायला सांगितला. तो होकारच होता. अरविंदच्या घरी मात्र महिनाभर धुसफुस चालली. देशावरून आलेलं नोकरदार कुटुंब. त्यांना गावातली, आगऱ्यांची मुलगी सून म्हणून नको होती. अखेर त्याची आई सरोजिनीबाई एका अटीवर तयार झाल्या. ती अट अरविंदने गिरजाला सांगितलीच नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असंच त्याला वाटलं नाही.

उलट त्याने हौसेने एक पाटी रंगवली. सागाची फळी, सोनेरी अक्षरं, कडेला वेल. बालवाडी सुटल्यावर कागद उलगडून तिच्या पुढ्यात ठेवली.

‘अरविंद आणि स्मिता’.

गिरजाने ती वाचली. मग पुन्हा वाचली.

“ही स्मिता कोण?”

“तूच की. लग्नात नाव बदलतात ना… ताटात तांदूळ पसरतात, अंगठीने त्यावर नवं नाव लिहितात. आईने निवडलंय. मॉडर्न आहे.”

“आणि गिरजाला काय झालं?”

तो अडखळला. “आई म्हणते, गिरजा म्हटलं की… मिठागरावरची बाई डोळ्यांपुढे येते.”

“येऊ दे की. माझी आई आहे ती.” तिने पाटी कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिली. “स्मिता छान नाव आहे. त्या मुलीला शोधा आणि तिच्याशी लग्न करा.”

“अगं, एवढ्याशा गोष्टीवर—”

“एवढीशीच असेल तर मीही तुमचं बदलते. बंडू.”

तो हसला. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर गिऱ्हाइकं उभी असताना खणखणीत आवाज आला, “बंडू आहेत का?” तिसऱ्या दिवशी चहावाल्याने तेच उचललं. चौथ्या दिवशी शेजारचा शिंपी म्हणाला, “काय बंडूशेठ, धंदा बरा ना?” पाचव्या दिवशी अरविंदचे कान तापले.

“पुरे आता, गिरजा. मी अरविंद आहे. माझ्या बाबांनी ठेवलंय ते नाव.”

ती नुसती पाहत राहिली, उत्तर येईपर्यंत न हलणाऱ्या त्या नजरेने. आणि आपणच काय बोलून गेलो, ते त्याच्या ध्यानात आलं.

त्या संध्याकाळी तो आईपुढे बसला. “आई, तिचं नाव बदलायचं नाही.”

“माझं नाही बदललं?” सरोजिनीबाई भाजी निवडत म्हणाल्या. “वेणू होते मी. काय बिघडलं?”

अरविंद सव्वीस वर्षांचा होता. आपल्या आईचं नाव वेणू होतं, हे त्याला आज कळत होतं. “तुला कुणी विचारलं होतं?” त्याने हळूच म्हटलं.

निवडलेल्या जुडीतली पानं त्या पुन्हा निवडत राहिल्या. “ताट मांडायचंच,” एवढंच शेवटी म्हणाल्या. “पाहुण्यांत शोभा नको.”

गिरजाने वडिलांना विचारलं, “बाबा, लग्न मोडलं तर?”

देवजींनी विडी विझवली. “पोरी, या नव्या शहरापायी जमीन गेली, मिठागर गेलं. नावच तेवढं आपलं रायलं हाय. ते कुनाला द्यावाचं, ते तूच ठरव. मी पाठीशी हाय.”

तिने ठरवलं. लग्न करायचं, नाव द्यायचं नाही.

तळवलीत, डोंगराच्या अंगाला मांडव उभा राहिला. सप्तपदी झाली. मग ताट आलं, तांदळाने भरलेलं पितळी ताट. अरविंदची सगुणाआत्या पुढे सरसावली. “लिही रे, स्मिता.”

अरविंदने अंगठी उचलली आणि गिरजाच्या तळहातावर ठेवली. “हिचं नाव आहे. ही लिहील.”

मांडवात कुजबुज झाली. गिरजा वाकली आणि तिने लिहिलं, गिरजा.

“अगो बाई, चुकली,” आत्या म्हणाल्या आणि तळहाताने तांदूळ सारखे केले. “पुन्हा लिही हं.”

गिरजाने पुन्हा लिहिलं, गिरजा. आत्यांनी पुन्हा पुसलं. या वेळी कुणी हसलं नाही.

तिसऱ्यांदा तिने अंगठी इतकी दाबून ओढली की तांदूळ बाजूला झाले आणि अक्षराअक्षरातून खालचं पितळ चमकायला लागलं. आत्यांचा हात पुन्हा पुढे आला… आणि वाटेतच थांबला. सरोजिनीबाईंनी त्यांचं मनगट धरलं होतं.

“राहू दे, सगुणा.”

“अगं, पण ठरलंय ना आपलं—”

“राहू दे म्हटलं. किती वेळा पुसशील पोरीला?”

मनगट त्यांनी सोडलं नाही. भटजींनी विचारलं, “मग नाव काय सांगू?”

अरविंदने मान वळवली. त्या मुलखात नवरा चारचौघांत बायकोला नावाने हाक मारत नसे. ‘अगं’, ‘ऐकलंस का’ यावर भागवत असे. तो उभा राहिला आणि मागच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू जावं अशा आवाजात म्हणाला,

“गिरजा.”

तिने वर पाहिलं. डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता.

“ओ,” ती म्हणाली.