बेसूर मंडळींचं बीज

‘आधी हात जोड, मग कळ दाब. वाजवणारा वाद्याला नमस्कार करतो ना, तसंच हे.’

आजोबांचं हे सांगणं उर्वीला पाठ होतं. आजोबा संगणकशास्त्रज्ञ. ते आता नव्हते. पण कॉलेजात असताना त्यांनी लिहिलेला एक खेळ होता, आणि तो ज्यावर चालायचा तो हिरव्या अक्षरांचा जाडजूड संगणकही होता. चंद्रावरच्या शीतल केंद्रात राहायला येताना आईने आपले कपडे कमी केले, पण तो संगणक सामानात घेतला.

खेळाचं नाव ‘बेसूर मंडळी’. बेसूर मंडळी हा एक रॉक बँड, आणि आपण त्याचे व्यवस्थापक. बँडला गाडीत घालून गावोगाव न्यायचं, कार्यक्रम करायचे आणि येतील ती संकटं निस्तरायची. पडद्यावर अक्षरं उमटत: ‘ड्रमर दणके मिसळ खाऊन झोपले आहेत. लोक जमले आहेत. १. पाणी मारा. २. तुम्हीच वाजवा.’ निषाद नेहमी दोन दाबायचा, आणि लोक नेहमी टोमॅटो मारायचे. मग तो म्हणायचा, “चला, रात्रीच्या भाजीची सोय झाली.”

निषाद म्हणजे केंद्रातलं दुसरं मूल. तिसरं नव्हतंच. त्याच्या आईबाबांची मंगळावर नेमणूक झाली, आणि तो खेळाची एक प्रत घेऊन यानात बसला.

यान लांब जाऊ लागलं तसा निरोप पोचायला उशीर होऊ लागला. विचारलेल्याचं उत्तर येईपर्यंत जेवण उरकायचं. अशात गप्पा कशा व्हाव्यात? उर्वी विचारी, ‘कसा आहेस?’ तो विचारी, ‘तू कशी आहेस?’ पुढे तेही आटलं. शेवटच्या उत्तरात एकच शब्द होता: ‘बरा.’ तो शब्द उर्वीने पुन्हा पुन्हा वाचला. आता काय लिहायचं, हे तिला सुचेना. आपणही ‘बरी’ एवढंच लिहिलं, तर पुढचा निरोप येणारच नाही, असं तिला वाटे.

आई दिवसभर बाहेर दगडांचे नमुने गोळा करायची. मग उर्वीने स्वयंपाकघरातल्या यंत्रमानवाला, ठमाकाकूला, खेळायला बसवलं. निषादचं काम तिला दिलं: संगणक चालू कर, हात जोड, कळ दाब.

पण काहीतरी विचित्रच होऊ लागलं. पहिल्या गावात दणके झोपले. दुसऱ्या गावात गायिका किंचाळेबाईंना उचकी लागली. तिसऱ्या गावात बकरीने गिटारची तार खाल्ली. संगणक बंद करून खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला, तर पुन्हा झोप, उचकी, बकरी. परत तेच. निषाद असताना एकही दौरा दुसऱ्यासारखा झाला नव्हता.

“खेळ रुसलाय,” उर्वी म्हणाली. “निषाद नाही म्हणून.”

“यंत्रं रुसत नाहीत, बाळ. रुसता आलं असतं तर काल तू पानात टाकलेल्या दोडक्यावरून मी रुसले नसते का?”

“मग सारखी बकरीच का येते?”

“ते आधी तू शोध. मी तू सांगितलंस तसंच करते. हात जोडते, कळ दाबते.”

उर्वी तिच्या धातूच्या हातांकडे बघत राहिली. “काकू, तू हात किती वेळ जोडतेस?”

“दर वेळी तेवढाच. सेकंदाच्या हजाराव्या भागाचाही फरक नाही. माझ्यासारखा नेमाचा नमस्कार केंद्रात कुणाचा नसेल.”

उर्वीने संगणक बंद केला आणि स्वतः चालू केला. हात जोडले. आजोबा आठवले, म्हणून थोडी थांबली. मग कळ दाबली. दणके जागे होते. किंचाळेबाई मात्र जत्रेत हरवल्या होत्या.

“सापडलं,” ती हळूच म्हणाली. “पण काय सापडलं ते सांग ना.”

ठमाकाकू खाली बसली. “संकट कधी यावं यासाठी खेळाला यादृच्छिक संख्या (आधी ओळखता न येणारा आकडा) लागते. माणूस फासा टाकेल. पण नुसता हिशेब करणाऱ्या संगणकाकडे फासा कुठला? मग तो फाशाचं सोंग घेतो. समज, मी पाच घेतले. एकवीसने गुणले, सात मिळवले. किती?”

“एकशे बारा.”

“त्यातले शेवटचे दोन अंक ठेव. बारा. आता बारावर तेच कर.”

उर्वीने मनात गुणाकार केला. “दोनशे एकोणसाठ. म्हणजे एकोणसाठ.”

“पुढे सेहेचाळीस, मग त्र्याहत्तर. पन्नासच्या वर गेलं की संकट, असं ठरवलं तर?”

“बारा, काही नाही. एकोणसाठ, बकरी. सेहेचाळीस, काही नाही. त्र्याहत्तर, परत बकरी.”

“बघणाऱ्याला वाटतं, सगळं अचानक घडतंय. पण पाचापासून निघालं की दर वेळी हेच. अशा आकड्यांना छद्म-यादृच्छिक (यादृच्छिकतेचं सोंग घेतलेले) म्हणतात. आणि पहिला आकडा म्हणजे बीज (ज्यातून पुढचे सगळे आकडे उगवतात तो).”

“आपल्या खेळाला बीज कोण देतं?”

“संगणक चालू झाला की आत बारीक मोजणी सुरू होते. कळ दाबताना जो आकडा असेल, ते बीज. माणसाचा नमस्कार रोज थोडा कमीजास्त होतो, म्हणून दौरा नवा. माझा मोजून सारखा, म्हणून बकरी.”

म्हणजे आजोबांनी पेरणी नमस्कारात ठेवली होती. उर्वीला हसू आलं.

“काकू, एकच बीज दोन संगणकांत घातलं तर?”

“तर दोन्हीकडे तोच दौरा. निर्णय आपापले, पण संकटं तीच. बीज थेट लिहायची सोयही आहे खेळात.”

उर्वीने निरोप लिहिला: ‘बेसूर मंडळी. बीज ४१७३. रोज एकच गाव. काय केलंस ते कळव.’

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, आणि ते निरोपाची जागा भरून वाहत होतं. ‘किंचाळेबाई वरातीत शिरल्या ना? मी कार्यक्रम वरातीतच उरकला. नवरदेव दणक्यांवर चिडलाय. तू काय केलंस? आणि पुढचं गाव चोरून बघायचं नाही हं. मंगळावर उतरेपर्यंत रोज एकच. शब्द दे.’

‘दिला,’ उर्वीने लिहिलं. ‘मी नवरदेवालाच गायला लावलं.’

एका दुपारी आईला परतायला उशीर झाला. केंद्रात हवेच्या पंख्याचा तेवढा आवाज होता. ठमाकाकू भांडी आवरून आली.

“कंटाळलीस ना? बीज माहीत आहे. शेवटच्या गावापर्यंतची सगळी संकटं मी आत्ता सांगू शकते.”

उर्वीने खिडकीबाहेर पाहिलं. काळ्या आकाशात मंगळ हा लालसर ठिपका होता. यान तर दिसतच नव्हतं. त्यात कुठेतरी निषादही आजच्याच गावाच्या वेशीवर थांबला असणार.

“नको,” ती म्हणाली. तिने खुर्ची पुढे ओढली, आजच्या गावाचं नाव वाचलं आणि बेसूर मंडळींची गाडी काढली.