बंगळुरूहून जेवायला

जामच्या फाट्यावर चहाच्या टपरीपाशी एक मुलगा उभा होता, स्वतःवरच चिडलेला. बॅगेला विमानाचा टॅग तसाच लटकत होता.

"सेलूची बस इथून भेटते का?" त्याने मला विचारलं.

"इथून? सेलू तं मांगं राह्यलं! बुटीबोरीले उतराचं होतं न."

"झोप लागली हो…" तो ओशाळला. "बंगळुरूहून नागपूर नऊशे किलोमीटरच्या वर, पावणेदोन तासात आलो. अन् आता मामाच्या सेलूले पोचाले दिवस जाते!"

मी खुदकन हसले. मीही सेलूचीच, घरीच निघालेय म्हटल्यावर तोही हसला. बस येईपर्यंत दोनदा चहा झाला. रत्नदीप त्याचं नाव, नोकरी बंगळुरूला. मग वर्षभर फोन, सुट्टीत भेटी, नुसतं बघणं… पण 'ते' काही तो बोलेना. शेवटी मीच म्हटलं, "सांगाचं ते माह्या बाबासमोर सांगजो!"

घरी मी बंगळुरूचा विषय काढला, पण बाबांचा तर नियमच होता. "पोरगी अशा गावी द्याची, का सकाळी चहा पिऊन निघालो तं जेवाच्या टायमाले पोचलो पाह्यजे. बंगळुरू? मले काही झालं तं तू कवा येशीन, काजल?" बोलताना त्यांचा आवाज कापला, म्हणून मला उलटून बोलता येईना. पण आर्वीपुढच्या तळेगावचं स्थळ बघायला ते रविवारी निघणार म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. आईला आधी फितवलं, मग फोन लावला.

"रत्नदीप, बाबा उद्या चहा पिऊन तळेगावले निघून राह्यले. तू बी चहा पी… अन् निघ."

"कुठं?"

"आमच्या घरी. जेवाले!"

पलीकडून हळूच, "भाजी कायची?"

"ये तं खरं!"

आला! टॅगसकट बॅग घेऊन दारात हजर. आईने वांग्याची भाजी वाढली, त्याने पहिला घास घेतला, तोच बाबांचा फोन. मी स्पीकर लावला.

"धुरपता, बस पंक्चर झाली ना वं! आर्वीच्या अलीकडंच बसून राह्यलो. भुकेनं जीव चालला."

"इथं पाहुणा जेवून राह्यला," आई म्हणाली.

"कोन पाहुणा?"

रत्नदीपचे कान लालेलाल झाले. "बाबा, मी रत्नदीप. बंगळुरूहून सकाळी चहा पिऊनच निघालतो. मले काजल आवडते… लई आवडते. तुमचा नियम पाळून मागून राह्यलो. द्याल का?"

माझे डोळे भरून आले. बाबांचा फोनही नेहमी स्पीकरवरच असतो, हे मी साफ विसरले होते. सगळी बस ओरडली, "हो म्हणा, काका, हो म्हणा!"

"काजल…" बाबांचा आवाज तसाच कापला. "मले काही झालं, तं कवा येशीन?"

"बाबा, तुमी त्या बसमधून उतराच्या आत!"

बस खो-खो हसली. सगळ्यात मोठ्यानं बाबा! "मंग भाजी ठेवजा माह्यासाठी. अन् त्या पोराले सांग, मी आल्याबिगर जाऊ नको म्हणा."

"जाते कोन!" रत्नदीप माझ्याकडे बघत म्हणाला, आणि त्याने ताट पुढे सरकवलं.

मी अख्खी भाकर वाढली. जिंकलो होतो आम्ही!