चिठ्ठी आधी, पाना नंतर

मिस्त्रीच्या दुकानात एकच नियम होता: चिठ्ठी आधी, पाना नंतर. पाण्याची मोटर येवो, पंखा येवो, नाहीतर कुणाचा जळका मिक्सर, मिस्त्री आधी कान लावायचा, वास घ्यायचा, बोटांनी फिरवून बघायचा. मग पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर बिघाडाचं एकच कारण लिहून ती तारेनं यंत्राला बांधायचा. 'बेअरिंग.' 'कॉइल.' उघडायचं त्यानंतर. तीस वर्षांत चिठ्ठी चुकली नाही असं तो स्वतःच सांगायचा, आणि गिऱ्हाइकंही माना डोलवायची, त्यामुळे त्याला जरा शिंगं फुटली होती हे खरं.

घरात मात्र चार महिने घोडं अडलं होतं. बायको खुब्याचं हाड मोडून पडली होती. हाड जुळलं, टाके सुकले, काठीही आणली. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, तसं आता फक्त पाय जमिनीवर टेकवायचे होते, आणि तेवढंच ती करत नव्हती. डॉक्टरांनी मिस्त्रीला दाराबाहेर नेऊन सांगितलं की हाडाचं काम संपलं, आता मनाचं आहे. अशीच पडून राहिली तर छाती भरेल, आणि मग कुणाच्या हातात काही राहणार नाही.

तिचं मन होतं परसातल्या सात कोंबड्यांत. खाट खिडकीशी लावली होती, आणि त्यांच्यासाठी ती कोपरावर भार देऊन उठून बसायची. लंगडी, काळी, तुरेवाली, भांडकुदळ, आणि मान वर करून चालणारी मास्तरीण, अशी नावं तिनंच ठेवली होती. एका संध्याकाळी ती म्हणाली की येत्या आठवड्यात मास्तरणीला स्वतः जाऊन दाणे टाकीन. मिस्त्री मोरीत गेला, नळ सोडला आणि पोटभर रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लंगडी मेलेली सापडली.

खुराडं मिस्त्रीनं स्वतः बांधलेलं होतं. लोखंडी सांगाडा, चारही बाजूंनी जाळी, खाली सिमेंट, वर पत्रा. कडी लागलेली होती. लंगडीच्या अंगावर ओरखडा नव्हता. गल्लीच्या टोकाला पोल्ट्रीवाला राहायचा, त्याची वीस वर्षं कोंबड्यांतच गेली होती. त्यानं तिला उलटीपालटी करून पाहिलं. जखमेवरून चोर ओळखता येतो, असं तो म्हणाला. मुंगूस मानेला चावून रक्त पितं, रानमांजर डोकं नेतं, घार आधी पिसं उपटते. इथे जखमच नाही, तेव्हा मुंगूस आत शिरायला बघत असेल आणि ही भेदरून मेली असेल. मिस्त्रीला ते पटलं. त्यानं खालच्या कडेनं बारीक जाळी मारली, पिंजरा लावला, आणि हाताच्या सवयीनं चिठ्ठी लिहून कडीला बांधली: 'मुंगूस.'

सकाळी काळी गेली होती. मानेवर दोन बारीक भोकं, आणि उचलली तर हाताला पिशवीसारखी हलकी. खरं सांगायचं तर मिस्त्रीला क्षणभर बरंच वाटलं, चिठ्ठी बरोबर निघाली म्हणून. मग त्यानं जाळी तपासली. ती जशीच्या तशी होती, आणि पिंजऱ्यातल्या आमिषाला तोंड लागलेलं नव्हतं. म्हणजे खालून कुणी आलं नाही. वर पत्र्याखाली बोटभर फट होती. वरून येणारं रानमांजरच असणार, असं ठरवून त्यानं ती फट बुजवली आणि चिठ्ठी बदलली.

तिसऱ्या सकाळी तुरेवालीला डोकं नव्हतं. पत्र्यावर तीन लांब ओरखडे होते. बुजवलेली फट बुजलेलीच होती.

रोज सकाळी बायको एवढंच विचारायची, "आज कोण?" त्या दिवशी तिनं उत्तर ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. जेवली नाही. संध्याकाळी ती खोकू लागली.

त्याच्या डोक्यात आता एक वेडगळ शंका आली होती. शंका आली की मिस्त्री मुद्दाम चुकीची तार जोडून बघायचा, यंत्र कसं वागतं ते. त्यानं चिठ्ठीवर लिहिलं: 'घार.' घार रात्री झोपते हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. बॅटरी घेऊन तो खिडकीशी बसला. पहाटे कधीतरी डोळा लागला.

उजाडलं तेव्हा भांडकुदळ छपरावरच्या पाण्याच्या टाकीवर होती. उघडी, सोललेल्यासारखी. तिची पिसं भोवती गोल पडली होती. पोल्ट्रीवाल्यानं तिला हातात घेतलं, पुन्हा खाली ठेवलं आणि हात सदऱ्याला पुसले.

"मिस्त्री, घार रात्री उडत नाही," तो म्हणाला. त्यानंतर तो या घराकडे फिरकला नाही.

उरल्या तिघी. मिस्त्रीनं चिठ्ठी काढून चुलीत घातली आणि तिघींना घरात आणून मोरीत कोंडलं, बाहेरून कुलूप घातलं. सकाळी कुलूप तसंच होतं. आत एक मेली होती. अंगावर ओरखडा नव्हता.

या वेळी बायकोनं "आज कोण?" असं विचारलं नाही. ती छताकडे बघत होती.

"अहो, काल ते या खाटेजवळून गेलं," ती म्हणाली. "थांबलं होतं थोडा वेळ. दोन उरल्यात ना? मग माझी पाळी."

मिस्त्रीनं तिला वेड्यात काढलं, अंगावर पांघरूण सारखं केलं, आणि तो बाहेर आला. ते घरात शिरलं ते त्याच्यामुळे, कोंबड्या त्यानंच आत आणल्या होत्या. दोन रात्री हातात होत्या, फार तर.

दिवसभर त्यानं डोकं चालवलं. चिठ्ठी नसली तरी ते येतं. चिठ्ठी असली की जे लिहिलं तेच होऊन येतं. म्हणजे थांबवता येत नाही, पण कोण यावं हे ठरवता येतं. मग असंच कुणीतरी लिहावं, ज्याला रात्रभर जागेवर धरून ठेवता येईल. मुंगूस धरता येत नाही, घार धरता येत नाही. असा एकच जीव त्याच्या ताब्यात होता. इतकं सरळ गणित आधी कसं सुचलं नाही, म्हणून तो स्वतःवरच चिडला.

दोघींना त्यानं पुन्हा खुराड्यात ठेवलं. चिठ्ठीवर लिहिलं: 'मिस्त्री.'

मग खाटेशी खुर्ची ओढली. वाइंडिंगची तांब्याची तार उजव्या मनगटाला गुंडाळली, दुसरं टोक खाटेच्या पायाला, आणि पकडीनं नऊ पीळ दिले. पकड खिडकीतून दूर फेकली. बायको बघत होती. हे काय, असं तिनं विचारलं. चोर बांधून ठेवतोय, असं तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी ती जरा हसली.

बारा वाजले ते त्यानं ऐकले. एक वाजलेलाही ऐकला.

जाग आली तेव्हा उजेड होता. तो खुर्चीतच होता.

मनगटावरचा वेढा तसाच होता. खाटेच्या पायाकडचं टोक मोकळं होतं. तार तुटली नव्हती. नऊच्या नऊ पीळ एकेक करून उलगडलेले होते.

बायको जागी होती. पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलेलं.

"तुम्ही उठलात तेव्हा मी हाक मारली," ती म्हणाली.

"मग?"

"तुम्ही वळून बघितलंत."

त्यानं मनगटावरची तार चाचपली.

"मग मी परत हाक नाही मारली. हात धुवून या आधी."

त्यानं हातांकडे पाहिलं. नखांत माती होती, बोटांच्या बेचक्यांत पांढरी लव चिकटली होती. तोंडात गंजासारखी चव होती.

तो परसात गेला. खुराड्याची कडी नीट लागलेली होती. आत कुणी नव्हतं. त्यानं चिठ्ठी ओरबाडून काढली, नळाखाली धरली, शाई वाहून जाईपर्यंत चोळली. मग हात धुतले, आणि पुन्हा धुतले.

घरात खाट कुरकुरली.

काठीचा ठोका. मग पाऊल. पुन्हा काठी, पुन्हा पाऊल. ती चालत होती. चार महिन्यांनी ती आपल्या पायांनी चालत होती, दाराकडेच येत होती. ओल्या हातांनी तो धावला.

दार बंद झालं. आतून कडी सरकली.

त्यानं हाक मारली. दाराला टेकून ती धापा टाकत होती, ते फळीतून ऐकू येत होतं. तो तिला समजावू लागला, की चिठ्ठी धुतली, आता काही नाही, दार उघड. बराच वेळ तो बोलत राहिला, मऊ आवाजात, आजाऱ्याशी बोलावं तसा.

ती कडी त्यानंच बसवली होती. फटीतून तार घातली की ती बाहेरूनही सरकते, हे दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

बोलता बोलता त्यानं खाली पाहिलं. त्याच्या डाव्या हातानं मनगटावरचा वेढा केव्हाच सोडवला होता, आणि आता दोन्ही हात मिळून तार सरळ करत होते.